सुगंधाचा इतिहास आणि घरातील मुके जीव

देवपूजेच्या सोळा उपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे लागोपाठ येतात. सायंकाळी धुपाटणे घरभर फिरवून आणावे, दिवेलागणीला देवापुढे ऊदबत्ती लावावी, न्हाऊ घातलेल्या बालकाला धुरी द्यावी, हे सारे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे सुवास आणि शुद्धता या दोन कल्पना आपल्या मनात इतक्या मिसळून गेल्या आहेत की, वास चांगला आला म्हणजे घर शुद्ध झाले असे आपण सहज मानतो. वस्तुतः या दोन गोष्टी निराळ्या आहेत. सुवासिक हवा निर्दोष असेलच असे नाही, आणि निर्मळ हवेला बहुधा कसलाच वास नसतो.

हा भेद माणसाला गेल्या दीड-दोन शतकांत हळूहळू कळत गेला, आणि तो कळविण्याचे काम पुष्कळदा पंडितांच्या आधी मुक्या प्राण्यांनी केले. उंदीर, पिंजऱ्यातील पक्षी, मांजर आणि मासे हे या इतिहासातील साक्षीदार होत. आज सुवासाचे फवारे, भिंतीला अडकवायच्या सुगंधी वड्या, डास मारणारी विजेची यंत्रे आणि माशांची काचपेटी ही सर्व एकाच खोलीत नांदू लागली असता, त्या साक्षीदारांचे म्हणणे एकदा क्रमाने ऐकून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे सुगंध ही एक रीतसर विद्या होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन ११२९-३० चा. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जुन्या मराठीतील पदांचे तुकडे ज्यात सापडतात तोच हा ग्रंथ. त्याच्या उपभोगविषयक विभागात धुपाचे प्रकरण आहे, आणि विनोदविषयक विभागात कुत्री, कबुतरे, लावे, कोंबडे व मासे यांची प्रकरणे आहेत. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना चारा कोणता घालावा, याचेही तेथे वर्णन आहे. अर्थात हा सारा खटाटोप राजाच्या करमणुकीसाठी व गळ टाकण्याच्या खेळासाठी होता. तेथे भूतदयेचा आव नाही. तथापि सुगंध आणि पाळीव जीव हे दोन्ही गृहजीवनाचे विषय म्हणून एकाच ग्रंथात नांदले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० नंतरच्या दशकात या विद्येचा पुष्कळ शोध घेतला. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९८९ साली वडोदऱ्याच्या प्राच्य विद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ गायकवाड ग्रंथमालेत छापून काढले. सुगंधाची शास्त्रीय चर्चा मराठीत मध्ययुगातच होत होती, हे त्यावरून दिसते.

या जुन्या धुपाचे दोन विशेष होते. एक तर तो दिसत असे. धूर डोळ्यांना झोंबला की माणूस दार उघडी, आणि निखारे विझले की धूपही संपे. दुसरे असे की, घरे मोकळी होती. गोव्यातील राजांगण, इंदूर-ग्वाल्हेरकडील वाड्यांचे चौक, कौलांच्या फटी आणि ओसरी-पडव्या यांतून धूर आपोआप बाहेर जाई. यावरून जुना धूप निरुपद्रवी होता असा निष्कर्ष मात्र काढू नये. कोणत्याही धुरात फुप्फुसाला त्रासदायक असे सूक्ष्म कण असतात, आणि बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू निर्माण होतो. जुन्या व्यवस्थेत धोका नव्हता असे नाही. तो दिसत होता आणि वेळेवर थांबत होता, इतकेच.

एकोणिसाव्या शतकात सुगंध आणि स्वच्छता या दोहोंचा उगम पालटला. तो चंदनाच्या खोडातून निघून दगडी कोळशाच्या डांबरात गेला. या डांबरातून १८२० च्या आसपास नॅप्थलीन वेगळे काढण्यात आले. आपल्या ट्रंकांतील डांबराच्या गोळ्या त्या याच. १८३४ साली जर्मन रसायनज्ञ रुंगे याला त्यातच कार्बोलिक आम्ल सापडले. १८६८ साली पर्किन याने ताज्या गवताच्या सुवासाचे कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले. पुढे १८८८ साली आल्बर्ट बाउर हा स्फोटक द्रव्यांच्या जातीच्या संयुगांवर काम करीत असता त्याच्या हाती कस्तुरीसारख्या वासाचा एक पदार्थ लागला. हिमालयातील मृगाच्या नाभीतून येणारी, राजेरजवाड्यांनाच परवडणारी कस्तुरी आता कारखान्यात निघू लागली, आणि तिचा वास साबणाच्या वडीतही येऊ लागला.

कार्बोलिक आम्लाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. जोसेफ लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्याने १८६७ साली जखमांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पुढे त्याने शस्त्रक्रियेच्या खोलीतील हवेतच या आम्लाचा फवारा सोडण्याची पद्धत काढली. त्या फवाऱ्याने वैद्यांचे हात जळत, श्वास कोंडे. हवा फवारण्यात फारसा अर्थ नाही, हात, हत्यारे आणि जखम स्वच्छ ठेवणे हेच खरे, असे अनुभवाने पटल्यावर १८९० साली बर्लिन येथील वैद्यक परिषदेत लिस्टरने ती पद्धत जाहीरपणे सोडून दिली. जेथे मळ आहे तेथेच तो काढावा, हवेवर औषध उडवून भागत नाही, हा त्या प्रकरणाचा सारांश होता. घरगुती फवाऱ्यांच्या युगात तो पुन्हा विसरला गेला.

याच सुमारास मुंबईत प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात या रोगाचे निदान प्रथम केले ते गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. सरकारने गटारांतून कार्बोलिक सोडले, घरे औषधांनी धुतली, भिंतींना चुना फासला. शहरभर औषधाचा वास दरवळला. रोग मात्र थांबला नाही. त्याची वार्ता आधीच दुसऱ्यांनी दिली होती. धान्याच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते. ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द पुढे कित्येक वर्षे मराठी मुलखात प्लेगच्या आगमनाची सूचना देणारे ठरले. ते ऐकताच लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. फ्रेंच वैद्य सिमाँ याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसवांमधून हा रोग पसरतो हे दाखविले, तरी वैद्यकविश्वाला ते मान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. खेड्यातील माणसाने उंदराची साक्ष ग्राह्य धरली होती. शास्त्राने ती मागाहून नोंदवून घेतली.

प्लेगच्याच वर्षी, १८९६ साली, इंग्लंडात जॉन स्कॉट हॉल्डेन याने कोळशाच्या खाणींतील स्फोटांविषयीचा आपला अहवाल सादर केला. स्फोटात मरणारे बहुसंख्य मजूर हे धक्क्याने वा आगीने मरत नसून मागाहून पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, असे त्याने सिद्ध केले. या वायूला रंग नाही, वास नाही. तो ओळखण्यासाठी लहान, उष्ण रक्ताचा प्राणी बरोबर न्यावा, असा उपाय त्याने सुचविला. त्यातूनच १९११ पासून ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी रीतसर ठेवले जाऊ लागले, आणि १९८६ साली त्यांच्या जागी विजेची यंत्रे आणण्याचे ठरेपर्यंत ही चाल टिकली. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची नळकांडी जोडलेली असे. पक्षी मूर्च्छित पडला की मजूर पिंजऱ्याचे दार लावून त्याला सावध करीत. ज्याने आपला प्राण वाचविला त्याचा प्राण राखण्याची ही कृतज्ञता मोठी हृद्य आहे.

पक्ष्याला हवेतील दोष आधी का बाधतो, हेही समजून घेतले पाहिजे. त्याचा देह लहान, श्वासाची गती जलद. शिवाय त्याच्या शरीरात वाताशयांची अशी रचना आहे की, श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी ताजी हवा फुप्फुसातून जाते. उंच उडण्यासाठी ही सोय उत्तम. परंतु हवेत विष असेल तर तेही दुप्पट तत्परतेने आत शिरते. निर्लेप तव्यावरील टेफ्लॉनचा लेप फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पिंजऱ्यातील पक्षी काही मिनिटांत मरतात, हे पशुवैद्यांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. त्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला काही जाणवतही नाही.

आता माशांकडे वळू. त्यांची कथा मात्र जपानातील ऊदबत्तीपासून सुरू होते. वाकायामा प्रांतातील उएयामा एईइचिरो हा गृहस्थ पायरेथ्रम नावाच्या, शेवंतीच्या कुळातील फुलझाडाची लागवड करीत असे. त्या फुलाची पूड कीटकांना मारते. ऊदबत्त्यांच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाशी गाठ पडल्यावर, ही पूड ऊदबत्तीत घालावी अशी कल्पना त्याला सुचली, आणि १८९० साली डास मारणारी पहिली बत्ती तयार झाली. ती पाऊण तासाच्या आतच जळून जाई. १८९५ साली त्याची पत्नी युकी हिने बत्तीला वेटोळे द्यावे असे सुचविले, आणि १९०२ पासून ती वेटोळी कॉइल बाजारात आली. देवापुढची ऊदबत्ती आणि डासांची कॉइल या अशा एका घरच्या आहेत. धुपाच्या वेषात विष घरात आले ते या वाटेने.

पुढे १९२३ साली अमेरिकेत फ्लिट नावाचे द्रव निघाले आणि त्याचा हातपंप आपल्याकडेही इतका परिचित झाला की, ‘फ्लिट मारणे’ हे क्रियापदच रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात हिवतापाने सैनिक हैराण झाले, तेव्हा अमेरिकेच्या कृषिखात्यातील गुडह्यू व सलिव्हन यांनी १९४१ च्या सुमारास दाबाखाली द्रव भरलेला फवाऱ्याचा डबा तयार केला. त्याची मूळ कल्पना एरिक रोथाइम या नॉर्वेच्या अभियंत्याची, १९२६ सालची. त्या युद्धकालीन डब्यात पायरेथ्रम होते, आणि त्याच्या जोडीला तिळाचे तेल होते! तिळाचे तेल स्वतः कीटकाला मारीत नाही; पण त्यातील घटकांमुळे कीटकाच्या देहाला विष पचविता येत नाही, आणि विषाचे बळ वाढते. १९४९ साली पायरेथ्रमचा कृत्रिम भाऊ ॲलेथ्रिन याची निर्मिती झाली. त्याचेच भाईबंद आज विजेच्या यंत्रांतून आपल्या शयनगृहात रात्रभर दरवळत असतात.

ही द्रव्ये माणसाच्या यकृतात लवकर विघटित होतात, म्हणून नेमून दिलेल्या मात्रेत ती माणसाला बेताची सौम्य ठरली. मासा मात्र त्यांपुढे अगदी हतबल आहे. त्याचे कल्ले पाण्यातील द्रव्य झपाट्याने शोषून घेतात, ते पचविण्याची त्याची शक्ती मंद आहे, आणि त्याचे मज्जातंतू या विषाला फार संवेदनशील आहेत. एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजावी लागणारी मात्रादेखील पुष्कळ जातींच्या माशांना मारक ठरते.

युद्ध संपल्यावर तोच डबा सुगंधासाठी उपयोगात आला. वातीच्या बाटलीतून सुवास सोडणारे एअर विक अमेरिकेत १९४३ सालीच विकले जाऊ लागले होते. १९५६ साली ग्लेड हा फवारा आला. या डब्यांत दाबासाठी भरलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे आकाशातील ओझोनचा थर विरळ होतो, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दाखविले. अमेरिकेने १९७८ साली फवाऱ्यांत त्यांना बंदी केली, आणि १९८७ साली मॉन्ट्रियल येथे सर्व राष्ट्रांसाठी करार झाला. त्यांच्या जागी आलेले प्रोपेन-ब्यूटेन हे वायू स्वयंपाकाच्या गॅसचेच सगोत्र असल्याने, पेटत्या समईजवळ असा फवारा मारणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. आकाशाच्या थराची चिंता जगाने केली, हे योग्यच झाले. खोलीतील काचपेटीची चिंता करण्याचे काम मात्र घरधन्यावर राहिले. भारतात १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. त्याने अशा औषधांची नोंदणी आणि डब्यावरील रंगीत त्रिकोणाची खूण आवश्यक ठरविली. केवळ सुवासासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तू त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

काचपेटी हीदेखील याच काळाची निर्मिती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने त्याचे इंग्रजी नाव रूढ केले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि ते पाहून आलेल्या कित्येक मुलांनी घरी काचपेटीचा हट्ट धरला असेल. या पेटीत हवा सोडणारा लहानसा पंप असतो. तो हवा कोठून घेतो? खोलीतूनच. म्हणजे आपण खोलीत जे उडवितो, ते हा पंप क्षणोक्षणी पाण्यात बुडबुड्यांनी घुसळीत राहतो. गुरामी व फायटर या जातींचे मासे तर पृष्ठभागावर येऊन खोलीतील हवाच श्वासाला घेतात. नदीतल्या माशाला दूर पळता येते. चार काचांमधला मासा कोठे जाणार?

येथे एक विवेक राखला पाहिजे. कीटकनाशक आणि केवळ सुगंधी द्रव्य यांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नाही. पहिल्याचा माशांवरील घात निर्विवाद आहे. दुसऱ्याचा परिणाम द्रव्य, मात्रा आणि खोलीतील वारा यांवर अवलंबून असतो. तथापि सुगंध सर्वस्वी निष्पाप आहे असेही म्हणता येत नाही. लिंबाच्या वासाचे लिमोनिन हवेतील ओझोनशी संयोग पावले की फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू तयार होतो. बाउरच्या मार्गाने निघालेल्या कृत्रिम कस्तुरीचे पुढे काय झाले पाहा. टोकियोजवळच्या तामा नदीतील माशांच्या मांसात ती साठलेली आहे, असे जपानी संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. नाहणीतून वाहून गेलेला सुगंध नाहीसा झाला असे माणसाला वाटत होते. माशाने तो आपल्या देहात जपून ठेवला होता. पुढे तिच्या एका प्रकारावर युरोपात बंदी आली.

मांजराची अडचण आणखी निराळी. कार्बोलिकच्या जातीची द्रव्ये निर्विष करून बाहेर टाकण्याची जी यकृतशक्ती माणसाला व कुत्र्याला आहे, ती मांजराला फार अल्प प्रमाणात लाभली आहे. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून ते चालते आणि मग आपले पंजे चाटते. हवेतून अंगावर बसलेले तेलाचे कणही तसेच पोटात जातात. टी-ट्री, निलगिरी यांसारखी वनस्पतीजन्य तेले नैसर्गिक म्हणून त्याला मानवतात असे समजू नये. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्याने तर त्याचा प्राणही जाऊ शकतो.

या इतिहासातून घराने कोणता आचार घ्यावा? दुर्गंधी आली तर लिस्टरच्या अखेरच्या मताप्रमाणे प्रथम तिचे मूळ शोधून काढावे, खिडक्या उघडाव्यात, सुवास त्यानंतर. काचपेटीच्या खोलीत डासांचे औषध अथवा फवारा मुळीच वापरू नये. ते टळत नसेल तर पेटी ओल्या कापडाने झाकावी, तेवढ्यापुरता पंप थांबवावा आणि खोलीत वारा खेळल्यावर लगेच सुरू करावा. कारण पंपावाचून मासे फार काळ राहू शकत नाहीत. अत्तर, फिनेल किंवा डासांचे मलम लागलेला हात धुतल्याखेरीज पाण्यात घालू नये. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासू लागले वा तिरके पोहू लागले, तर क्लोरीन घालविलेल्या, तितक्याच उष्णतेच्या पाण्याने पेटीतील काही पाणी बदलावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा घालावा. पक्ष्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात वा देवघरात टांगू नये. फरशी कोरडी होईपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे. प्राणी आजारी दिसला तर पशुवैद्याकडे जाताना औषधाचा डबाही बरोबर न्यावा. डांबराच्या गोळ्या ट्रंकेतच बंद असाव्यात, आणि त्यांत ठेवलेले कपडे चांगले उन्हात घातल्याशिवाय तान्ह्या बालकाला नेसवू नयेत. काही बालकांच्या रक्तात एका विकराची जन्मजात उणीव असते. त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनच्या वासानेही फुटतात. सर्वांत लहान देहाला आधी बाधते हा नियम माणसाच्या लेकरालाही लागू आहे, याचे विस्मरण होऊ नये.

आपल्या पूर्वजांनी गृहस्थाला पाच महायज्ञ सांगितले. त्यांत भूतयज्ञ हा एक. स्वतः जेवण्यापूर्वी गाय, कुत्रा, कावळा, मुंगी यांचा घास बाजूला काढावा, असा हा नित्याचा धर्म. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर माशांना कोणी धक्का लावीत नाही, हीही त्याच वृत्तीची खूण. अन्नाचा घास काढण्याची ही रीत अनेक घरांत अजून चालू आहे. पूर्वी घर मोकळे होते, म्हणून हवेचा वाटा निराळा काढण्याची गरज पडली नाही. आता दारे-खिडक्या बंद करून राहण्याचे दिवस आले आहेत, आणि घरातील हवा हीसुद्धा सर्वांनी मिळून खाण्याचे एक ताट झाली आहे. तेव्हा सुगंधाची बाटली उघडताना, या खोलीत सर्वांत लहान श्वास कोणाचा आहे, हे एकदा पाहून घ्यावे.